क्ष-किरणांच्या वाटेत स्फटिक नीट बसवण्यासाठी

सिंगल क्रिस्टल डिफ्रॅक्टोमीटरसमोर पहिल्यांदा उभ्या राहणाऱ्या विद्यार्थ्याचे लक्ष क्ष-किरणांच्या नळीकडे जाते, डिटेक्टरकडे जाते आणि पडद्यावर उलगडणाऱ्या रेणूकडे तर जातेच. या सगळ्याच्या मधोमध अंगठ्याएवढा धातूचा ठोकळा असतो, त्यावर एक बारीक पिन आणि पिनेच्या टोकाला जेमतेम ०.२ मिलिमीटरचा स्फटिक. त्या ठोकळ्याला गोनिओमीटर हेड म्हणतात आणि तो ज्या फिरत्या यंत्रणेवर बसतो तिला गोनिओमीटर. मोजणी कशी होणार याचा बराचसा निकाल इथेच, शटर उघडण्याआधी लागतो. पुढची आकडेमोड करणारी सॉफ्टवेअर आता फार सक्षम झाली आहेत; पण स्फटिकाचा जो भाग किरणांच्या झोतात आलाच नाही, त्याची माहिती कोणतेही सॉफ्टवेअर देऊ शकत नाही. रसायनशास्त्र, भूशास्त्र किंवा जीवशास्त्रात एम.एस्सी. वा पीएच.डी. करणारे आणि आता स्वतःच्या हाताने स्फटिक बसवायला निघालेले जे कोणी असतील, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

फिरवायचे कशासाठी

१९१२ साली म्युनिकमध्ये माक्स फॉन लाउए यांच्या कल्पनेवरून फ्रीडरिश आणि क्निपिंग यांनी कॉपर सल्फेटच्या स्फटिकावर क्ष-किरण सोडले आणि फोटोच्या काचेवर ठिपके उमटले. ब्रॅग पितापुत्रांनी लगोलग त्या ठिपक्यांचा हिशेब एका छोट्या सूत्रात बसवला. तरंगलांबी ठरलेली असेल, तर स्फटिकातल्या अणूंच्या समांतर थरांचा प्रत्येक संच एका ठरावीक कोनालाच किरण परावर्तित करतो. कोन जरासा चुकला की त्या संचाकडून काहीच येत नाही. साध्या सेंद्रिय रेणूच्या स्फटिकातही मोजण्याजोगे असे हजारो संच असतात. म्हणून स्फटिक फिरवत फिरवत एकेका संचाला त्याच्या कोनावर आणावे लागते आणि हे करताना स्फटिकाने आपली जागा सोडता कामा नये. फिरायचे आणि तरी जागचे हलायचे नाही, एवढेच गोनिओमीटरचे काम. पण ते मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत करायचे असते.

हे उपकरण क्ष-किरणांपेक्षा जुने आहे. पॅरिसमध्ये १७८० च्या सुमारास कारांजो याने स्फटिकाच्या बाहेरच्या पैलूंमधले कोन मोजायला त्याचा साधा प्रकार बनवला. १८०९ मध्ये वुलस्टन याने पैलूवरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाचा उपयोग करून त्याची अचूकता कितीतरी वाढवली. स्फटिक एका अक्षावर बसवायचा, मध्यावर आणायचा आणि कोन वाचायचा, ही पद्धत तेव्हापासूनची आहे.

कोन किती लागतात हे आधी हिशेबाने पाहून ठेवा. मॉलिब्डेनमच्या क्ष-किरणांची तरंगलांबी ०.७१०७ अँगस्ट्रॉम असते, तांब्याच्या १.५४१८. समजा, ०.८४ अँगस्ट्रॉमपर्यंतचा तपशील हवा आहे. रचना प्रसिद्ध करायची तर साधारण तेवढा लागतोच. मॉलिब्डेनमला त्यासाठी टू-थीटा (मूळ झोत आणि परावर्तित किरण यांमधला कोन) ५० अंशांपर्यंत जावे लागते, तांब्याला १३३ अंशांपर्यंत. त्यामुळे तांब्याचा स्रोत वापरताना डिटेक्टरला बऱ्याच वेगवेगळ्या जागा घ्याव्या लागतात, भुजा दूरवर फिरतात आणि एकमेकींवर आपटण्याचा धोकाही वाढतो.

यंत्राचे अक्ष ओळखा

तुमच्यासमोरच्या यंत्राला किती अक्ष आहेत, हे मोजणी सुरू करण्याआधी हाताने दाखवून घ्या. पिन स्वतःभोवती ज्याच्यामुळे फिरते तो फाय. संपूर्ण तळ ज्याच्याभोवती फिरतो तो ओमेगा. डिटेक्टरची भुजा टू-थीटावर फिरते. फाय-अक्षाचा कल बदलणारा काई हा चौथा. जुन्या चार-वर्तुळी यंत्रांत काईसाठी एक मोठे उभे कडे असे. त्या कड्याची अडचण होई. वरून थंड वायूची नळी आणायची तर ते आडवे येई. डेल्फ्टच्या एन्राफ-नोनियस कंपनीच्या कॅड-४ या यंत्रात कड्याऐवजी ५० अंशांनी कललेली एक भुजा आली, तिला कप्पा म्हणतात. कप्पा, ओमेगा आणि फाय एकत्र फिरवून काईचे काम साधते, वरची बाजू मोकळी राहते. बदल्यात काई १०० अंशांच्या पलीकडे नेता येत नाही. पुष्कळ प्रयोगशाळांत आणखी साधी रचना असते. तिच्यात काई ५४.७४ अंशांवर कायमचा ठेवलेला असतो आणि फक्त ओमेगा व फाय फिरतात. रोजच्या कामाला ती पुरते. घाईने ‘आमच्याकडे कप्पा नाही’ म्हणून खंत करू नका. नीट मध्यावर आणलेला स्फटिक स्थिर काईच्या यंत्रावर उत्तम डेटा देतो आणि वेडावाकडा बसवलेला स्फटिक सर्वांत महागड्या यंत्रावरही वाया जातो.

हे सगळे अक्ष आराखड्यात एका बिंदूत मिळतात. प्रत्यक्ष धातूत बेअरिंगची झीज असते, भुजांचे वजन असते, तापमान बदलत असते. त्यामुळे सगळे अक्ष फिरवले की मधला बिंदू एका अगदी लहान गोलात इकडेतिकडे सरकतो. त्याला स्फिअर ऑफ कन्फ्यूजन म्हणतात. प्रयोगशाळेतल्या चांगल्या यंत्रात तो १० मायक्रॉनच्या आसपास किंवा त्याहून लहान असतो. सिंक्रोट्रॉनवर काही मायक्रॉन रुंदीचा झोत वापरतात, तिथे हवेच्या बेअरिंगवर फिरणारे अक्ष लावून तो सुमारे एका मायक्रॉनपर्यंत आणतात. तुमच्या यंत्रासाठी हा आकडा किती आहे ते विचारून घ्या, कारण मध्य साधण्याची तुमची धडपड त्या आकड्यापाशी थांबली पाहिजे. यंत्रच दहा मायक्रॉन सरकत असेल, तर दोन मायक्रॉनसाठी स्क्रूशी झगडण्यात अर्थ नाही.

हेड हातात घेतल्यावर

हेडच्या तळाशी एक खाच असते आणि फिरवून आवळायची रिंग. खाच यंत्रावरच्या खुंटीत बसली आहे याची खात्री झाल्याशिवाय रिंग आवळू नका. तळाचे दोन्ही पृष्ठभाग कोरड्या मऊ ब्रशने आधी झटकून घ्या. तिथे अडकलेला धुळीचा एक कण संपूर्ण हेड तिरके करतो आणि फाय फिरवल्यावर स्फटिक डोलतो. चुंबकी तळ असलेल्या पिनांच्या बाबतीत हीच काळजी दुप्पट घ्या, कारण चुंबकाला लोखंडाचा कीस चिकटतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही.

वर दोन आडवे सरकणारे भाग असतात, एकमेकांशी काटकोनात, आणि तिसरा उंचीचा. प्रत्येकाला स्वतःचा स्क्रू आणि बहुतेकांना पकड देणारा छोटा लॉक-स्क्रू. जुन्या हेडला याखेरीज दोन चाप असत. त्यांच्यामुळे पिन दोन दिशांना साधारण वीसेक अंशांपर्यंत कलवता येई. चापांचे केंद्र स्फटिकाच्या जागीच ठेवलेले असते, म्हणून पिन कलली तरी स्फटिक फारसा जागचा हलत नाही. फोटोफिल्मच्या दिवसांत, वायसेनबर्ग किंवा प्रिसेशन कॅमेऱ्यावर काम करताना, स्फटिकाचा एक अक्ष फिरण्याच्या अक्षाशी तंतोतंत जुळवावा लागे आणि चापांशिवाय ते शक्य नव्हते. आता डिटेक्टरवर मिळालेल्या थोड्याशा ठिपक्यांवरून संगणक स्फटिकाची दिशा काढतो. म्हणून आजच्या बहुतेक हेडला चाप नसतात आणि नसलेलेच बरे, कारण सांधे कमी तितकी स्थिरता जास्त.

स्क्रू फिरवण्याची किल्ली हेडबरोबर आलेलीच वापरा. चौकोनी टोकाच्या स्क्रूवर दुसरी, जवळपास बसणारी किल्ली लावली की कडा गोल होतात आणि मग तो स्क्रू कायमचा निसटत राहतो. दिशा बदलताना स्क्रू थोडा रिकामा फिरतो. म्हणून शेवटचा टप्पा नेहमी एकाच बाजूने घ्या. जास्त पुढे गेलात, तर थोडे जास्तच मागे या आणि पुन्हा त्याच बाजूने जागेवर आणा. लॉक-स्क्रू शेवटी हलक्या हाताने लावा आणि लावल्यावर पुन्हा बघा. आवळताना स्फटिक सरकतोच.

हेड विकत घ्यायचे किंवा दुसऱ्या प्रयोगशाळेतून आणायचे असेल, तर दोन गोष्टी मोजून घ्या: तळाची बैठक आणि तळापासून किरणांच्या झोतापर्यंतची उंची. ही उंची सगळ्या उत्पादकांची सारखी नाही. एका यंत्रावर सहज बसणारे हेड दुसऱ्यावर स्फटिक झोताच्या कितीतरी वर किंवा खाली ठेवते आणि उंचीच्या स्क्रूला तेवढा प्रवास नसतो.

स्फटिक निवडणे आणि चिकटवणे

निवडीसाठी ध्रुवणदर्शक सूक्ष्मदर्शक वापरा. दोन ध्रुवक एकमेकांना आडवे ठेवून स्फटिक फिरवला की चांगला एकसंध स्फटिक दर ९० अंशांनी पूर्ण काळा होतो आणि मध्ये उजळतो. एक भाग आधी काळा झाला आणि दुसरा नंतर, तर ते दोन स्फटिक आहेत, बाहेरून कितीही देखणे दिसोत. मिठासारखा क्यूबिक स्फटिक सतत काळाच राहतो. टेट्रागोनल किंवा हेक्झागोनल स्फटिक त्याच्या मुख्य अक्षाच्या दिशेने पाहिला तरी काळाच राहतो, म्हणून एका बाजूवरून निर्णय देऊ नका, सुईने उलटवून बघा. पुण्याजवळ वाघोलीच्या दगडखाणींतला निळा कॅव्हन्साइट ज्यांनी हाताळला असेल त्यांना हे पटेल. त्याच्या फुलासारख्या पुंजक्यातून निघालेली एकेक काडीही पुष्कळदा अनेक स्फटिकांची जुडी असते.

आकार किती हवा, तर झोताच्या आत मावेल एवढा. मॉलिब्डेनमवर साध्या सेंद्रिय संयुगासाठी ०.१ ते ०.३ मिलिमीटर ठीक. जड अणू असतील, तर किरण शोषले जातात, म्हणून लहान आणि शक्यतो सगळ्या बाजूंनी सारखा घ्या. मोठा स्फटिक तेलाच्या थेंबात ठेवून धारदार ब्लेडने कापा. तेलामुळे तुकडे उडत नाहीत आणि स्फटिकात अडकलेला द्रावकही निघून जात नाही.

कशावर बसवायचे हे पदार्थावर अवलंबून आहे. हवेत टिकणारा कणखर स्फटिक काचेच्या तंतूच्या टोकावर इपॉक्सीच्या कणभर थेंबाने चिकटवा. तंतू स्फटिकापेक्षा बारीक असावा, कारण काच स्वतःही किरण विखुरते आणि पार्श्वभूमी वाढवते. पण इतका लांब आणि बारीकही नको की थंड वायूच्या झोतात तो थरथरेल. नाजूक स्फटिक तेलासकट नायलॉनच्या लूपमध्ये किंवा पॉलिइमाइडच्या छोट्या चमच्यावर उचला. होकॉन होप यांनी १९८० च्या दशकात तेलात बुडवून झटकन गार करण्याची पद्धत रूढ केली आणि १९९० मध्ये टेंग यांनी लूपची पद्धत मांडली. त्यानंतर प्रथिनांचे काम पार बदलून गेले. त्याआधी ओला स्फटिक काचेच्या केशनळीत मातृद्रवासोबत बंद करत. १९३४ मध्ये केंब्रिजला बर्नाल आणि डोरोथी क्रोफूट, म्हणजे पुढे नोबेल मिळालेल्या डोरोथी हॉजकिन, यांनी पेप्सिनचा स्फटिक असा ओला ठेवला म्हणूनच त्याचे विवर्तन दिसले. खोलीच्या तापमानाला प्रथिन मोजायचे असेल, तर आजही ही नळी उपयोगी आहे.

लूप स्फटिकाच्या मापाचा घ्या. मोठ्या लूपमध्ये लहान स्फटिक तेलाच्या पडद्यात तरंगतो आणि गोनिओमीटर फिरला की हळूहळू सरकतो. जादा तेल टिपून टाका. तेलाचा फुगीर थेंब भिंगासारखे काम करतो आणि स्फटिक असतो त्यापेक्षा वेगळ्या जागी दिसतो. मग डोळ्यांनी कितीही काळजीपूर्वक मध्य साधला तरी तो खरा नसतो.

मध्य साधणे

आता लेखातला सर्वांत महत्त्वाचा भाग. कॅमेऱ्याच्या पडद्यावर एक फुली दिसते. नवखा माणूस स्फटिक फुलीवर आणतो आणि काम झाले समजतो. फुली म्हणजे कोणीतरी कधीतरी लावलेली खूण आहे. ती यंत्राच्या अक्षावर असेलच असे नाही. कॅमेऱ्याला एकदा धक्का लागला की ती सरकते. विश्वास ठेवायचा तो फिरण्यावर.

लेथवर चार जबड्यांच्या चकमध्ये जॉब सेंटर करताना कारागीर डायल लावतो, चक अर्धा फिरवतो, काट्यातला फरक बघतो आणि त्याच्या निम्म्याने जॉब सरकवतो. इथेही तेच करायचे आहे. फाय असा ठेवा की एक आडवा स्क्रू तुमच्या नजरेच्या रेषेशी काटकोनात असेल. स्फटिक फुलीच्या कोणत्या बाजूला मापपट्टीची किती घरे आहे ते नोंदवा. फाय १८० अंशांनी फिरवा, पुन्हा नोंदवा. समजा, आधी तो ८ घरे उजवीकडे होता आणि आता २ घरे डावीकडे आहे. खरा अक्ष या दोन जागांच्या बरोबर मध्ये, म्हणजे फुलीपासून ३ घरे उजवीकडे आहे. आणि स्फटिक अक्षापासून ५ घरे दूर आहे. तेव्हा स्क्रूने स्फटिक ५ घरे उजवीकडे सरकवून ३ या जागी आणा. पुन्हा १८० अंश फिरवा. तो ३ वरच राहिला, तर या दिशेचे काम झाले. फुलीला हात लावू नका, तो यंत्र सांभाळणाऱ्याचा प्रश्न आहे. मात्र फुली सरकली असल्याचे त्यांना जरूर सांगा.

मग फाय ९० अंशांनी वळवा आणि दुसऱ्या आडव्या स्क्रूने तेच करा. प्रत्येक वेळी फक्त तोच स्क्रू फिरवा ज्याच्यामुळे स्फटिक पडद्यावर डावी-उजवीकडे सरकतो. तुमच्या दिशेने किंवा तुमच्यापासून दूर नेणारा स्क्रू त्या क्षणी फिरवलात, तर पडद्यावर काहीच कळत नाही, नुसता स्फटिक धूसर होतो आणि आधीचे काम बिघडते.

उंची राहिली. पुष्कळ जण ती फुलीवर आणून मोकळे होतात. फाय कितीही फिरवला तरी उंचीतली चूक दिसत नाही, कारण ती फाय-अक्षाच्या दिशेनेच असते. ती पकडायला फाय-अक्षालाच वळवावे लागते. काई किंवा कप्पा वापरून पिन आडवी करा, मग ओमेगा १८० अंशांनी फिरवून पिन डावीकडून उजवीकडे आणा. उंची चुकली असेल, तर आता स्फटिक डावी-उजवीकडे सरकलेला दिसतो. फरकाच्या निम्म्याने उंचीचा स्क्रू फिरवा. स्थिर काईच्या यंत्रावरही ओमेगा फिरवून पिनेचा कल एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला नेता येतो आणि हाच हिशेब लागू पडतो. बहुतेक यंत्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये या जागांसाठी तयार बटणे असतात. ती दाबताना यंत्र काय फिरवते आहे याकडे बघा, नुसते दाबू नका.

आधी कमी झूमवर, मग जास्त झूमवर हा सारा क्रम पुन्हा करा. एक स्क्रू सुधारला की दुसरा थोडा बिघडतो, म्हणून दुसरी फेरी लागतेच. शेवटी फाय सावकाश पूर्ण फिरवून पडदा बघत राहा. स्फटिक वेडावाकडा असेल, तर त्याचे टोक नव्हे, मधला भाग मध्यावर धरा.

एवढी मेहनत कशासाठी, हे आकड्यांत पाहा. डिटेक्टर ५० मिलिमीटर दूर आहे आणि स्फटिक मध्यापासून ०.१ मिलिमीटर डिटेक्टरच्या बाजूला आहे. अंतरात ०.२ टक्के चूक झाली. १० अँगस्ट्रॉमची युनिट सेलची बाजू १०.०२ येईल. त्याच बाजूची अनिश्चितता आपण ०.००१ अशी छापतो. ओमेगा फिरला की ही चूक दिशा बदलते, त्यामुळे काही ठिपके पुढे आणि काही मागे सरकतात. आकडेमोडीत त्यातले पुष्कळसे सावरता येते हे खरे. पण स्फटिक फिरताना झोतातून अर्धवट बाहेर जात असेल, तर तीव्रताच कमी-जास्त होते आणि अणूंची कंपने दाखवणारे लंबगोल विचित्र दिसू लागतात. असे लंबगोल दिसले की विद्यार्थी रिफाइनमेंटमध्ये दिवसचे दिवस घालवतो. त्याने आधी कॅमेऱ्याचे चित्र उघडून स्फटिक मध्यावर होता का ते पाहावे.

हात बसण्यासाठी साखर घ्या. स्वयंपाकघरातल्या साखरेच्या दाण्याचा ०.२ मिलिमीटरचा स्वच्छ तुकडा कापा, तंतूवर चिकटवा, मध्यावर आणा आणि खोलीच्या तापमानाला थोड्या फ्रेम घेऊन सेल काढा. १०.८६, ८.७० आणि ७.७६ अँगस्ट्रॉम, आणि बीटा १०२.९ अंश यायला हवा. मग मुद्दाम ०.१ मिलिमीटर बाजूला सरकवून पुन्हा काढा. दोन्ही निकाल शेजारी ठेवले की वरचा परिच्छेद पाठ करावा लागणार नाही.

थंडी आणि दमट हवा

गार नायट्रोजनच्या झोतात १०० केल्व्हिनला मोजणी केली की अणूंची कंपने कमी होतात आणि किरणांनी होणारी हानीही मंदावते. पण गार केल्यावर मध्य पुन्हा तपासा. पितळेची २० मिलिमीटरची पिन संपूर्ण १०० केल्व्हिनपर्यंत गेली, तर सुमारे ०.०७ मिलिमीटर आखडेल. प्रत्यक्षात फक्त टोक गार होते, म्हणून आकसणे कमी. तरी ते दिसण्याइतके असते. वरचे तेल गोठतानाही स्फटिक हलतो.

मुंबई, रत्नागिरी, पणजी अशा किनाऱ्यावरच्या गावांत पावसाळ्यात खोलीतली आर्द्रता हा मोठा शत्रू आहे. वायूची नळी पिनेच्या रेषेत नीट नसेल, तर बाहेरची दमट हवा आत ओढली जाते आणि स्फटिकावर बर्फ चढतो. डिटेक्टरवर ३.९०, ३.६७ आणि ३.४४ अँगस्ट्रॉमला कडी दिसू लागली की ती बर्फाचीच समजा. नळीचे तोंड स्फटिकापासून काही मिलिमीटरवर आणा, मात्र कॅमेऱ्यात किंवा झोतात त्याची सावली पडू देऊ नका. यंत्राभोवतीच्या कवचाचे दार उगाच उघडू नका, स्फटिकाजवळ तोंड नेऊन बोलू नका आणि खोलीचा डीह्युमिडिफायर चालू आहे ना हे आल्याआल्या बघा. हेडवरच बर्फ साचत असेल, तर पिन आखूड आहे किंवा थंड झोत थेट धातूवर येतो आहे.

थोडा तिरका बसवा

पूर्वी अक्ष जुळवण्यात कौशल्य होते, आता तो न जुळवण्यात फायदा आहे. स्फटिक एकाच अक्षावर फिरवला की त्या अक्षाच्या दिशेजवळचे काही ठिपके कधीच परावर्तनाच्या कोनात येत नाहीत. सममितीमुळे त्यांची जोडीदार ठिकाणे दुसरीकडे मोजली जातात आणि उणीव भरून निघते. पण स्फटिकाचा सममितीचा मुख्य अक्षच फिरण्याच्या अक्षावर असेल, तर जोडीदारही त्याच आंधळ्या भागात राहतात. मोनोक्लिनिक स्फटिकाची लांब काडी पिनेच्या रेषेत सरळ उभी करण्याचा मोह म्हणूनच टाळा. दहा-वीस अंश तिरकी बसवा. सिंक्रोट्रॉनवर फक्त एक अक्ष असेल, तर हे आणखी महत्त्वाचे. ट्रायक्लिनिक स्फटिकात सममितीची मदत सर्वांत कमी, तेव्हा तिथे कप्पा किंवा वेगवेगळे फाय घेऊन अनेक स्कॅन करण्याशिवाय इलाज नाही.

इंदूरच्या इंडस-२ वरील प्रथिन स्फटिकशास्त्राच्या बीमलाइनवर किंवा परदेशी जाणार असाल, तर पिनेचे मानक आधी विचारा. युरोपात स्पाइन मानकाप्रमाणे टोपीच्या तळापासून स्फटिकापर्यंत २२ मिलिमीटर अंतर लागते. वेगळ्या लांबीची पिन नमुना उचलणाऱ्या रोबोच्या हातून निसटते आणि महिनोन् महिने वाढवलेला स्फटिक नायट्रोजनच्या टाकीच्या तळाशी जातो.

सुरक्षितता आणि नोंद

अक्ष हाताने हलवताना वेग कमी ठेवा आणि एक बोट थांबवण्याच्या बटणावर असू द्या. लांब पिन, वायूची नळी, बीम-स्टॉप आणि डिटेक्टर या चौघांची टक्कर हा गोनिओमीटरचा सर्वांत महाग अपघात. हेड खाली पडले, तर बाहेरून सुस्थितीत दिसले तरी जाणकाराने तपासेपर्यंत वापरू नका. स्क्रूंना आपल्या मनाने तेल देऊ नका. कवचाच्या दाराचा इंटरलॉक कोणत्याही कारणाने, कोणाच्याही सांगण्यावरून बायपास करू नका. क्ष-किरणांचा बारीक झोत बोटावर काही क्षण पडला तरी खोल भाजते आणि ते लगेच कळत नाही. अशा यंत्रांसाठी अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियम आहेत. किरणांची मात्रा नोंदवणारा, दिलेला टीएलडी बिल्ला लावूनच खोलीत जा.

आणि एक काम मोजणी सुरू करण्याआधीच उरका. रचना प्रसिद्ध करताना सीआयएफ फाइलमध्ये स्फटिकाचा रंग, आकार, तिन्ही मापे आणि मोजणीचे तापमान द्यावे लागते. स्फटिक हेडवर मध्यावर उभा असतो तेव्हा कॅमेऱ्याच्या मापपट्टीवर ही मापे अचूक मिळतात. तेव्हाच ती वहीत लिहा, चार बाजूंची चित्रे जपून ठेवा आणि कशावर, कोणत्या तेलात बसवला तेही नोंदवा. पिन उतरवल्यावर तो स्फटिक बहुधा पुन्हा सापडत नाही.